तीन चुकीची उत्तरं

टँकर आला की आप्पासाहेब प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली येत आणि टाकीशेजारी मांडून बसत. हातात वॉल्व्हची लांब लोखंडी चावी. ती गुडघ्यांवर आडवी ठेवून ते बसले की इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना आपापली जागा कळायची.

हडपसरच्या पलीकडे, कालव्याच्या अंगाला त्यांची शेती होती. त्यातली काही बिल्डरने घेतली, काही रस्त्यात गेली. उरलेल्या तुकड्यावर आप्पासाहेबांनी तीन मजले चढवले आणि बायकोच्या नावाने ‘प्रेमला सदन’ अशी पाटी लावली. विहीर होती ती पार्किंगखाली बुजली. जन्मभर उसाला पाणी पाजलेल्या माणसावर आता टँकरची वाट बघायची वेळ आली होती, पण सवय जुनीच होती. खालच्या टाकीतून तीन मजल्यांना तीन नळ्या गेल्या होत्या, आणि मोटर लावली की आप्पासाहेब एकेक वॉल्व्ह सोडत, पूर्वी शेतात पाण्याची दारं धरत तसे. पहिला मजला म्हणजे त्यांचा स्वतःचा, तो मळा. दुसरा मजला म्हणजे बरी जमीन. तिसरा मजला म्हणजे माळरान, त्याला पाणी उरलं तर.

माळरानावर वैजनाथ आणि द्वारका राहत. जोडपं परभणीकडचं. वैजनाथ जवळच्या विनाअनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायचा. त्यातही त्याचा जीव रसायनशास्त्रावर. द्वारका डबे करायची. आसपासच्या कारखान्यांत आणि आयटी कंपन्यांत कामाला जाणारी, घरापासून लांब आलेली पोरं तिच्या हातच्या भाकरीवर दिवस काढायची. डब्यांना पाणी लागतं. भाजी धुवायला, डाळ शिजवायला, आणि सगळ्यात जास्त ते डबे घासायला. म्हणजे आप्पासाहेबांची मर्जी गेली की पाणी गेलं, पाणी गेलं की डबे गेले, आणि डबे गेले की बोचकं बांधून परभणीची गाडी. हे द्वारका रोज एकदा तरी बोलून दाखवायची.

एप्रिल लागला आणि टँकर एक दिवसाआड येऊ लागला. नेमकं त्याच वेळी वैजनाथला हिंजवडीच्या एका कंपनीचं काम मिळालं. मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांसाठी फोनवर रसायनशास्त्राचे धडे आणि त्यावरच्या परीक्षा तयार करायच्या. काम पसंत पडलं तर पुढचं सगळं पुस्तक त्याच्याकडे येणार होतं. वैजनाथला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्याने लग्नकार्याला घालायचा शर्ट काढला आणि स्वयंपाकघरात फोन डब्यांच्या चळतीला टेकवून पहिला धडा सुरू केला.

“विद्यार्थी मित्रांनो, आपण एका पेल्यात पाणी घेऊ.”

“कोणत्या पाण्याचा पेला घ्यायलात?” मागून द्वारका म्हणाली.

“प्रयोगाला पाहिजे गं. हळदीचं पाणी करायचंय, मग त्यात साबण टाकला की ते लाल होतं, ते दाखवायचंय.”

“मला दाखवा की. मी रोज घासते, माझे हात बघा म्हणावं पोरांना.”

शेवटी तह झाला. प्रयोग भाजी धुतलेल्या पाण्यात करायचे आणि करून झाल्यावर पाणी मोरीच्या बादलीत ओतायचं. त्यामुळे वैजनाथच्या पहिल्या तीन धड्यांत पेल्याच्या तळाशी कोथिंबिरीची पानं दिसतात. कंपनीने त्याबद्दल काही विचारलं नाही.

धडे पसंत पडले. अडलं ते परीक्षेपाशी.

परीक्षा म्हणजे प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, एक बरोबर, तीन चुकीचे. बरोबर पर्याय वैजनाथच्या हातून आपोआप उतरायचा. चुकीचे मात्र काही केल्या सुचेनात. ‘लोखंड का गंजते?’ या प्रश्नाला त्याने हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प हे उत्तर लिहिलं, आणि मग घाम पुसत पुसत बाकीचे तीन लिहिले: पंख्यामुळे, साखरेमुळे, गुरुत्वाकर्षणामुळे.

कंपनीत परीक्षांचा विभाग शर्मिला मॅडम बघायच्या. वयाने वैजनाथपेक्षा लहान, बोलणं गोड आणि थंड. त्यांचा फोन आला.

“सर, तुमचे चुकीचे पर्याय फारच चुकीचे आहेत.”

“म्हणजे बरोबर आहेत ना, मॅडम?”

“नाही सर. मुलं वाचून हसतील आणि राहिलेल्यावर टिचकी मारतील. चुकीचं उत्तर असं पाहिजे, की मुलाला वाटलं पाहिजे, अरे हेच. माणूस जसा खरोखर चुकतो तसं. आमच्याकडे हेच सगळ्यात अवघड काम आहे. पुढच्या आठवड्यात परत पाठवा, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

वैजनाथ विचारात पडला. जन्म गेला मुलांच्या चुका खोडण्यात, आता त्या करून दाखवायच्या म्हणजे काय? त्याने घरी आणलेले जुने पेपर उलटेपालटे केले. पण त्याच्या शाळेतली मुलं चुकतच नव्हती. ती एकतर गाईडातलं जसंच्या तसं उतरवत, नाहीतर जागा मोकळी सोडत. चुकायला आधी विचार करावा लागतो, आणि तो करू नये हे आपणच त्यांना शिकवलं, हे त्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला वाईट वाटलं.

मग त्याने द्वारकेला धरलं. “सांग बरं, मेणबत्ती जळते तेव्हा मेण जातं कुठे?”

“मला काय माहीत?”

“अंदाजाने सांग.”

“माहीत नाही ते नाही. उगाच कशाला ठोकून देऊ? सरका, पीठ मळायचंय.”

प्रामाणिक माणसाचा या धंद्यात काही उपयोग नव्हता. वैजनाथने रिकामी कळशी उचलली आणि जिना उतरला.

खाली आप्पासाहेब चावीने दुसऱ्या मजल्याचा वॉल्व्ह फिरवत होते. चावी कुरकुरत होती. हात तांबडा झाला तसा त्यांनी तो धोतराला पुसला.

“गंज चढलाय, आप्पा. तेल लावून ठेवत जा,” वैजनाथ सहज म्हणाला.

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मास्तर, तेल लावून काय व्हतंय? लोखंडाला आतनं कीड लागती. लाकडाला लागती तशीच. ती बाहेर आली म्हंजी तिला गंज म्हनायचं. वरनं तेल लावून आतली कीड मरतीया व्हय?”

वैजनाथच्या हातातली कळशी खाली पडून घरंगळत पार्किंगपर्यंत गेली. गंज आतून येतो. असं कुठल्याही पोराला वाटेल. क्षणभर त्याला स्वतःलाही वाटलं.

“आणि आप्पा,” त्याने घाईने विचारलं, “मेणबत्ती जळते तेव्हा मेण कुठे जातं?”

“जातंय कुठं? संपतंय. जळलं म्हंजी संपलं.” आप्पासाहेबांनी मान हलवली. “येवढं म्हाईत न्हाई आन् पोरांस्नी शिकीवता?”

त्या दिवसापासून टँकर आला की वैजनाथ कळशी घेऊन सगळ्यांच्या आधी खाली हजर राहू लागला. आप्पासाहेबांची खुर्ची तोच मांडायचा. मोटरचं बटण दाबायचा, टाकीचं जड झाकण उचलायचा, आणि पाण्याची पातळी बघता बघता प्रश्न टाकायचा.

आप्पासाहेबांना आयुष्यात ‘माहीत नाही’ हे दोन शब्द कधी लागले नव्हते. गावकीत, भावकीत, चहाच्या टपरीबाहेरच्या बाकावर, जिथे विषय निघेल तिथे त्यांचं उत्तर तयार असे. आणि त्यांची खरी थोरवी अशी, की सकाळी ते एक सांगत, संध्याकाळी त्याच प्रश्नाला दुसरं सांगत, दुसऱ्या दिवशी तिसरं, आणि तिन्हींवर तितकेच ठाम असत. कंपनीला नेमके तीनच पाहिजे होते.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की ते उकळायला का लागतं? सकाळी उत्तर आलं, “भट्टीत भाजताना दगडानं जेवढी धग पिली, तेवढी तो धरून बसतो. पानी लागलं की वकतो.” संध्याकाळी आलं, “पानी आत शिरताना दगडाला घासतंय. घासलं की ऊन व्हनारच.” आणि तिसरं, जरा डोळे मिटून, “उष्णता पान्यातच मुरलेली असती मास्तर. चुना ती बाहेर काढतो.” हळदीचा डाग साबणाने लाल का होतो, तर हळदीच्या पोटात मुळातच कुंकू असतं. टँकरच्या पाण्याला साबणाचा फेस का येत नाही, तर पाणी शिळं असतं. पितळेच्या भांड्याला कल्हई का लावतात, तर पितळ तापून फुटू नये म्हणून.

वैजनाथ वर जाऊन ते सगळं शुद्ध भाषेत बसवायचा आणि पाठवायचा. शर्मिला मॅडमचा फोन आला तेव्हा आवाजातला थंडपणा गेला होता.

“सर, काय झालं तुम्हाला? हे अप्रतिम आहे. चुन्याच्या प्रश्नात मी स्वतः दोनदा दुसऱ्या पर्यायावर अडकले.”

इकडे आप्पासाहेबही खुलले. एक शिकलासवरला मास्तर रोज उठून आपल्याला विचारतो, आणि ऐकताना नुसता ‘वा’ म्हणतो, हे सुख त्यांना घरात कधी मिळालं नव्हतं. प्रेमलाकाकू त्यांचं बोलणं सुरू झालं की मिक्सर लावत. खूश झालेल्या आप्पासाहेबांनी हळूच पाण्याचा क्रम बदलला. माळरानाचा नंबर मळ्याच्या पुढे लागला. तिसऱ्या मजल्यावर नळाला अशी धार आली, की द्वारकेने गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदा चादरी धुतल्या.

“विचारा अजून,” ती वैजनाथला म्हणायची. “पितळेचं झालं, आता तांब्याचं विचारा.”

पण वैजनाथला आतून लाज वाटत होती. आप्पासाहेब टपरीवर सांगत सुटले होते. हिंजवडीची कंपनी रसायनाचं समदं आपल्याला विचारून करती, मास्तर नुसता लिवून घेतो. एकदा त्यांनी विचारलं, “मास्तर, शेवटी माझं नाव येतंय का त्यात?”

“नाव कुणाचंच येत नाही, आप्पा,” वैजनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. “पण शब्द तुमचेच आहेत.”

“मग झालं तर,” आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांनी वॉल्व्हला आणखी अर्धा फेरा दिला.

मे महिन्यात परीक्षेची चाचणी झाली. नववीतून दहावीत गेलेल्या मुलांचे सुट्टीतले जादा वर्ग चालू होते, त्या मुलांनी ती फोनवर द्यायची होती. कंपनीने दोन शाळा घेतल्या होत्या, एक बिबवेवाडीतली आणि एक वैजनाथची. त्याच्या वर्गात आप्पासाहेबांची नात वैष्णवी होती. बाकीची मुलंही जुन्या गावातलीच, त्याच टपरीवरून रोज शाळेला जाणारी.

बिबवेवाडीचा निकाल आधी आला. मुलं धडाधड पडली होती. शिळं पाणी, दगडाने प्यालेली धग, हळदीतलं कुंकू, एकेका पर्यायाने अर्धा अर्धा वर्ग गारद केला होता. चांगल्या परीक्षेने करावं तेच ती करत होती. कोण कुठे आणि का चुकतं, ते बरोबर दाखवत होती. वैजनाथने आनंदाने द्वारकेला ओली भेळ आणली.

भेळ संपायच्या आत दुसरा फोन आला.

“सर, तुमच्या शाळेत सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी मार्क आहेत.”

“सगळ्या?”

“सगळ्या. शेवटच्या बाकावरच्यांनाही. तुम्हीच पेपर काढला, तुमचीच मुलं. मी काही म्हणत नाही. उद्या मी तुमच्या घरीच येते. तुम्ही असाल आणि एखादी विद्यार्थिनी असेल तर बरं.”

वैजनाथच्या पाचावर धारण बसली. पेपर त्याने फोडला नव्हता, देवाशपथ नव्हता. पण मग शेवटच्या बाकावरचा विश्वजीत, ज्याला लोखंड आणि पोलाद यातला फरक सांगता येत नाही, त्याला पैकीच्या पैकी कसे पडले? विचार करता करता त्याला कळलं, आणि कळलं तेव्हा त्याला पहिल्यापेक्षा जास्त घाम फुटला. स्वतःला वाचवायचं तर एकच गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती सांगितली की पाणी बंद.

द्वारकेला त्याने ते सांगितलं. तिने हातातला डबा पुसून चळतीवर ठेवला.

“मग काय सांगणार तुम्ही उद्या?”

“काहीच नाही सांगणार.”

“म्हणजे चोर म्हणून घेणार.”

“आप्पांचा सगळ्यांसमोर पाणउतारा करण्यापेक्षा ते बरं.”

द्वारकेने त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

शर्मिला मॅडम हिंजवडीहून निघाल्या त्या गर्दीतून येता येता उन्हाने लाल होऊन पोचल्या. आप्पासाहेबांनी घरमालक या नात्याने त्यांना पार्किंगमध्येच, गार लागतं म्हणून, खुर्ची दिली. प्रेमलाकाकूंनी ताक आणलं. वैष्णवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. वैजनाथ टाकीला पाठ लावून उभा होता आणि द्वारका जिन्याच्या पायरीवर कळशी घेऊन बसली होती, पाणी यायचं नसताना.

“वैष्णवी, घाबरू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “हा चुन्याचा प्रश्न. बिबवेवाडीत जवळजवळ कुणालाच आला नाही. तुला कसा आला?”

वैष्णवीने चोरून आजोबांकडे पाहिलं. “असंच. बरोबर वाटलं.”

“आणि हळदीचा?”

“तोपण असाच.”

मॅडमनी ताकाचा पेला खाली ठेवला. “सर, मला वाईट वाटतंय. पेपर आधी मुलांना मिळाला असेल तर आपल्याला हे काम थांबवावं लागेल. तुम्हाला काही सांगायचंय का?”

“नाही, मॅडम,” वैजनाथ म्हणाला.

आतापर्यंत आप्पासाहेब गप्प होते हेच नवल. ते उठले. “ओ बाई, आमचा मास्तर तसला मानूस न्हाई. सकाळधरनं कळश्या वढतो, पर दुसऱ्याच्या वाटचं थेंबभर पानी घेत न्हाई. तो पेपर फोडंल? आन् तुमाला ठावं हाय का, त्यो पेपर निम्मा मी सांगितलाय?”

“तुम्ही?”

“मी. समदं माझ्या तोंडचं हाय. इचारा मास्तरला.”

मॅडमनी वैजनाथकडे पाहिलं. वैजनाथने डोळे मिटून घेतले.

“आना त्ये यंत्र इकडं,” आप्पासाहेब म्हणाले. “मी देतो परीक्षा तुमच्यासमोर. मला काय कुनी पेपर दाखीवला न्हाई. मला आलं म्हंजी पोरांस्नी बी येनारच. माझंच ऐकत ल्हानाची मोठी झाल्यात ती.”

“आप्पा, राहू द्या,” वैजनाथ म्हणाला. “ऊन झालंय, तुम्ही वर जाऊन पडा.”

“बस गप.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मास्तरला अरेतुरे केलं, आणि ते मायेने होतं.

मॅडमनी टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. आप्पासाहेबांनी चष्मा लावला, बोट धोतराला पुसलं, आणि सुरुवात केली. प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचे, पर्याय वाचता वाचता चेहरा उजळायचा. “ह्ये बघा, माझा शबूद. आतून कीड लागते. हाय का न्हाई?” की बोट टेकलंच. “ह्ये बी माझंच. ह्ये बी. च्यायला, ह्यात तर तीन माझी हायती, कुठलं दाबू?” प्रेमलाकाकूंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता. वैष्णवीची ओढणी बोटाभोवती आता गुंडाळायची शिल्लक राहिली नव्हती.

शेवटचं बटण दाबून आप्पासाहेबांनी टॅबलेट मॅडमच्या हातात दिला, एखाद्याने पावती फाडून द्यावी तसा.

मॅडमनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. “शून्य,” त्या म्हणाल्या.

“किती?”

“शून्य. तीसपैकी शून्य.” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलू लागल्या. “असं होत नाही. डोळे मिटून बटणं दाबली तरी चारातलं एखादं बरोबर लागतं. शून्य यायला माणसाला प्रत्येक वेळी…” आणि त्या थांबल्या. त्यांनी वैजनाथकडे पाहिलं, मग आप्पासाहेबांकडे.

वैष्णवीला आता राहवलं नाही. ती रडायलाच लागली. “मॅडम, सरांनी पेपर नाही दिला आम्हाला. आप्पा जे म्हणतात ते सोडून जे उरलं त्याला आम्ही टिक केलं. सगळ्या वर्गाने. मला तर एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं.”

वरच्या मजल्यावर कुणाचातरी कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

आप्पासाहेबांनी हातातली चावी टाकीच्या कट्ट्यावर ठेवली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “ताक घ्या, बाई. गरम व्हईल.” आणि ते वर गेले. जिना चढताना त्यांनी कठड्याला धरलं होतं, एरवी ते धरत नसत.

गाडीत बसताना शर्मिला मॅडम हसू दाबत होत्या आणि त्यांना त्याची लाजही वाटत होती. “सर, परीक्षा उत्तम आहे. तुमच्या गावापुरती फक्त वेगळी काढा. पुढच्या धड्याचं लवकर पाठवा, कार्बनचा.” मग काच खाली करून त्या वैष्णवीला म्हणाल्या, “आजोबांना सांग, शून्य मिळवणं फार अवघड असतं. माझ्या ऑफिसात कुणाला जमणार नाही.”

काम वाचलं. पाणी नाही वाचलं.

म्हणजे आप्पासाहेबांनी वॉल्व्ह बंद केला असं नाही. ते खाली येतच नव्हते. चावी प्रेमलाकाकूंकडे आली, आणि त्यांना ती नीट फिरवता येईना. तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार यायची आणि डाळ शिजेपर्यंत थांबायची. द्वारकेने निम्मे डबे बंद केले. वैजनाथ खालून कळश्या वाहून आणायचा. खांदा सुजला, तळहाताचं कातडं सोललं, पण पाणी चढवताना त्याला त्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं पहिल्या मजल्यावरच्या बंद दाराचं.

टपरीवरचा बाक ओस पडला. लोक चहा प्यायचे आणि निघून जायचे. एकदा एकाने विचारलं, यंदा एवढं ऊन का, आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

“लग्न झाल्यापासनं पयल्यांदा मला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज आला,” प्रेमलाकाकू द्वारकेला म्हणाल्या. “पयल्या दिवशी बरं वाटलं. आता घड्याळच काढून ठेवावं म्हनते.”

शेवटी वैजनाथ त्यांच्या दारात गेला. आप्पासाहेब कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“आप्पा, माझं चुकलं. आधीच सांगायला पाहिजे होतं.”

“तुमचं कुठं चुकलं?” ते वळले नाहीत. “चुकलं त्ये माझं. समदंच.”

वैजनाथला रडू आलं. उंबऱ्यात उभं राहून रडता येत नाही, म्हणून तो वर गेला आणि मोरीत तोंड धुवायला नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं.

कार्बनचा धडा तसाच पडून राहिला. हिरा कशाचा बनलेला असतो, एवढ्याच एका प्रश्नापाशी तो अडून बसला होता. बरोबर उत्तर होतं कार्बन, जो कोळशात असतो तोच. त्याखालच्या तीन ओळी रिकाम्या होत्या. त्याने ‘हिरा पंख्यापासून बनतो’ असं लिहिलं आणि खोडलं.

आणि एके दिवशी सकाळी टँकरचा भोंगा वाजला. वैजनाथ कळशी घेऊन उतरला, तर टाकीशेजारी खुर्ची मांडलेली, तिच्यावर आप्पासाहेब, गुडघ्यांवर चावी. चावीला तेल लावलेलं होतं. मागे वैष्णवी आपली कळशी भरत होती.

“मास्तर, हितं या.”

वैजनाथ जाऊन उकिडवा बसला.

“वैष्णवी सांगत व्हती. ती बाई म्हनली म्हनं, चुकीचं सांगनं लई अवघड काम असतंय. तुमाला सुद्धा येत न्हाई.”

“नाही येत, आप्पा. खरंच नाही येत.”

“म्हंजी मला येतंय.” त्यांनी हे स्वतःला नीट ऐकवलं. “मग ऐका. आजपर्यंत माझ्या तोंडनं नकळत निघालं. आता मी जानूनबुजून चुकीचं सांगनार. तुमी इचारा, मी आधी बरोबर काय त्ये मनात धरनार, आन् मग त्याच्या पार उलटं सांगनार. म्हंजी कुनाची बिशाद न्हाई मला शून्य द्यायची. इचारा.”

वैजनाथने अडलेलाच प्रश्न टाकला. “आप्पा, हिरा कशाचा बनलेला असतो?”

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. हिरा म्हणजे कडक काच, जमिनीत मुरत पडलेली, हे त्यांच्या मनात पक्कं झालेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते हळूहळू हसायला लागले. हसता हसता त्यांचं पोट हलायला लागलं.

“लिवा,” ते म्हणाले. “चुलीतला कोळसा. त्यात जे असतंय, त्येच हिऱ्यात असतंय.” आणि एवढं मोठं खोटं आपल्याला सुचलं याचं त्यांना इतकं हसू आलं, की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “हाय का चुकीचं?”

वैजनाथने त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या हयातीत त्याने कधी बरोबर उत्तरावर फुली मारली नव्हती.

“एकदम चुकीचं, आप्पा,” तो म्हणाला. “असलं कुणाच्या बापाला सुचलं नसतं.”

आप्पासाहेबांनी समाधानाने चावी उचलली, तिसऱ्या मजल्याच्या वॉल्व्हला लावली आणि फेऱ्यामागून फेरा देत गेले. नळीत हवा घरघरली आणि पाणी धडधडत वर चढलं.

वैष्णवीने बोलायला तोंड उघडलं. तिची नजर सरांच्या नजरेला भिडली. ती तोंड मिटून, कळशी काखेत घेऊन जिना चढायला लागली, आणि वरून द्वारका ओरडत होती, पिंप भरून वाहायलंय, कुणीतरी आप्पांना सांगा, आता पुरे म्हणावं.